तीन किलोवॅटचा सौर संच : यंत्रणेला दहापैकी नऊ, बिलाच्या सेवेला काठावर पास

घरावर सौर संच बसवणारा ग्राहक प्रत्यक्षात तीन सेवा विकत घेत असतो आणि तिन्हींचा दर्जा सारखा नसतो. पहिली सेवा संच बसवून देणाऱ्या ठेकेदाराची, दुसरी वीज वितरण कंपनीच्या मीटर आणि बिल विभागाची, आणि तिसरी, जिची वेळच येऊ नये असे सगळ्यांना वाटते ती, तक्रार निवारणाची. लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आमच्या घरावर दसऱ्यानंतर ३ किलोवॅटचा संच बसला, त्याचा अनुभव या तिन्ही अंगांनी येथे नोंदवत आहे. वाचायला मिळणारी बहुतेक परीक्षणे पॅनेल कोणत्या कंपनीचे, इन्व्हर्टरची वॉरंटी किती आणि अनुदान कधी जमा झाले एवढ्यावर थांबतात. बिलाचा विषय त्यांत येत नाही आणि आमच्या भागात पैसा अडकतो तो नेमका तिथेच.

संचाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, ही त्याची स्तुतीच समजावी. प्रधानमंत्री सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली; तिच्यात पहिल्या २ किलोवॅटपर्यंत प्रतिकिलोवॅट ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये असे घरगुती ग्राहकाला जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान मिळते. अनुदानासाठी देशी बनावटीचे पॅनेल आणि नोंदणीकृत ठेकेदार, या दोन्ही गोष्टी लागतात. आमच्या ठेकेदाराने सांगाडा उंच घेतला, त्यामुळे गच्चीवर पापड-कुरडया वाळवायची जागा शाबूत राहिली. अर्थिंगचे खड्डे नीट भरले, वीजरोधक बसवला आणि तारा पाइपातून खाली आणल्या. अनुदानही विनासायास खात्यात आले. येथपर्यंत तक्रारीला जागा नाही.

उत्पादनाबाबत ठेकेदार जे आकडे सांगतात ते वर्षाच्या सरासरीचे असतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. १ किलोवॅटमागे दिवसाला सुमारे ४ युनिट हा हिशेब मराठवाड्यात जमतो, पण ऊन जितके कडक तितकी वीज जास्त, असा सर्वसाधारण समज येथे टिकत नाही. पॅनेल २५ अंशांच्या वर जसजसे तापते तसतशी त्याची क्षमता दर अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्क्याने घटते आणि एप्रिल-मेच्या दुपारी पॅनेलचा पृष्ठभाग ६० अंशांच्या पुढे सहज जातो. त्यात साखर कारखान्याचा हंगाम सुरू असला की काजळीचा थर बसतो, आणि तो बोअरच्या पाण्याने धुतला तर क्षारांचे पांढरे डाग काचेवर कायमचे चिकटतात. आम्ही पॅनेल धुण्यासाठी पावसाचे साठवलेले पाणी वापरतो आणि धुणे सकाळी उन्हाच्या आत उरकतो. आणखी एक मुद्दा आमच्याकडे फार महत्त्वाचा आहे. बॅटरी नसलेला संच लाइन गेली की बंद पडतो. खांबावर काम करणाऱ्या माणसाच्या जिवासाठी इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. म्हणजे भर दुपारी दोन तास लाइन गेली तर त्या दोन तासांचे उत्पादनही गेले. ही तूट बिलातली चूक नसते आणि तिच्यासाठी तक्रारही करता येत नाही.

आता बिलाकडे येतो. राज्यात छपरावरच्या सौर संचांना महाराष्ट्र वीज नियामक आयोगाचे २०१९ चे विनियम लागू आहेत. त्यांतल्या नेट मीटर पद्धतीत घराने वाहिनीतून घेतलेली वीज आणि वाहिनीला दिलेली वीज अशा दोन नोंदी एकाच मीटरवर होतात. घेतलेल्या युनिटमधून दिलेले युनिट वजा करून उरलेल्या युनिटवर आकारणी होते. दिलेले युनिट जास्त असतील तर फरक पुढच्या महिन्याला युनिटच्याच रूपात जमा होतो. आर्थिक वर्ष संपताना जे शिल्लक राहते ते आयोगाने ठरवलेल्या दराने कंपनी विकत घेते आणि १ एप्रिलला खाते शून्यावर येते. बिल कितीही खाली आले तरी स्थिर आकार आणि त्यावरचे १६ टक्के वीज शुल्क राहतेच, म्हणून ‘बिल झिरो होणार’ हे ठेकेदाराचे वाक्य ऐकून सोडून द्यावे.

या पद्धतीत टप्प्यांची गोष्ट फार मोलाची आहे आणि ती बहुतेकांना उशिरा कळते. घरगुती दराचे टप्पे १०० युनिटपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि ५०० च्या पुढे असे आहेत आणि प्रत्येक टप्प्याला दर वाढत जातो. समजा मे महिन्यात घराने ३१८ युनिट घेतले आणि २१३ दिले, तर आकारणी १०५ युनिटवर व्हायला हवी; म्हणजे जवळजवळ सगळी पहिल्या टप्प्यात. दिलेल्या युनिटची नोंद बिलात आलीच नाही तर ३१८ युनिट तिसऱ्या टप्प्यात शिरतात. तिप्पट युनिटचे बिल तिप्पट येत नाही, त्याहून बरेच जास्त येते. त्यामुळे ‘एका महिन्याची नोंद राहिली, पुढच्या महिन्यात बघू’ असे म्हणून भागत नाही.

आमच्या पहिल्या बिलात हेच झाले होते. मीटरवर घेतलेले १५० युनिट आणि दिलेले २२५ युनिट दिसत होते. म्हणजे ७५ युनिट जमा राहून फक्त स्थिर आकाराचे बिल यायला हवे होते. आले ते १५० युनिटचे, दीड हजाराच्या घरातले, आणि दिलेल्या युनिटच्या रकान्यात शून्य. कार्यालयातल्या खिडकीवर पहिले उत्तर मिळाले ते असे : “बिल कॉम्प्युटरवरनं निघायलंय सर, आमच्या हातात काय नाही.” उत्तर देणारा माणूस सौजन्याने बोलत होता, हे नमूद करायला हवे, पण कॉम्प्युटरला आकडे कोणी तरी भरवतो, ही गोष्ट त्या खिडकीच्या कक्षेबाहेरची होती. शोध घेतल्यावर कारण समजले ते साधे होते. मीटर बदलल्याचा अहवाल नोंदवला गेला होता, नवा मीटर क्रमांकही चढला होता, परंतु आमचे खाते नेट मीटरचे आहे अशी खूण बिलाच्या प्रणालीत झालेलीच नव्हती. त्यामुळे रीडिंग घेणाऱ्या मुलाच्या मोबाइलवर एकच रकाना उघडत होता आणि त्याने प्रामाणिकपणे तेवढाच भरला होता.

येथे कामी आला तो मीटरच्या पडद्याचा व्हिडिओ. नेट मीटरच्या पडद्यावर आकडे आळीपाळीने सरकत राहतात. बऱ्याच मीटरवर १.८.० या खुणेपुढे येतो तो घेतलेल्या युनिटचा आकडा आणि २.८.० पुढे येतो तो दिलेल्या युनिटचा. काही मीटरवर खुणांऐवजी ‘इम्पोर्ट’ आणि ‘एक्स्पोर्ट’ अशी अक्षरे येतात. मधेच तारीख, वेळ, व्होल्टेज आणि केव्हीएएच या विजेच्या आणखी एका मापाचे आकडेही येऊन जातात आणि घाईने फोटो काढणाऱ्याच्या हाती हमखास तेच लागतात. म्हणून फोटोवर विसंबू नये. आधी मीटरच्या पाटीवरचा क्रमांक घ्यावा, मग कॅमेरा न थांबवता पडद्याची पूर्ण एक फेरी घ्यावी, आणि हे रीडिंगच्या दिवशीच करावे. आमच्या अर्जासोबत हा व्हिडिओ, मीटर बदलल्याच्या अहवालाची प्रत आणि नेट मीटर कराराची प्रत जोडल्यावर बोलणे बदलले. ‘असे होत नसते’ याची जागा ‘बी ८० करावा लागेल’ या वाक्याने घेतली. बिल दुरुस्तीच्या प्रस्तावाला कार्यालयात हेच नाव आहे; ग्राहकाने तेच नाव घेऊन विचारले की फाइल कोणत्या टेबलावर आहे हे चटकन कळते.

दुरुस्ती झाली, पण अर्धीच. दुसऱ्या बिलात त्या महिन्याचे घेतलेले १६८ आणि दिलेले २१३ युनिट बरोबर आले आणि ४५ युनिट पुढे ओढले गेले. मात्र आधीच्या महिन्याचे ७५ कुठेच नव्हते. पहिल्या बिलाची रक्कम वळती झाली होती, युनिट वळते झाले नव्हते. वरवर बघणाऱ्याला दुसरे बिल निर्दोष वाटावे असे होते, कारण देय रक्कम अगदी किरकोळ होती. ही चूक पकडायची तर रकमेकडे बघून चालत नाही. मागील शिल्लक, या महिन्याची भर आणि एकूण जमा हे तीन आकडे वहीत मांडून दर महिन्याला बिलाशी ताडून पाहावे लागतात. आमची एकूण जमा १२० हवी होती. हिवाळ्यातले हे युनिट म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडावर, कूलर सुरू झाल्यावर, मार्चअखेरपर्यंत वापरायची पुंजी असते, त्यामुळे ते सोडून देण्यात अर्थ नव्हता. दुसरा अर्ज दिला आणि त्यानंतरच्या बिलात ते आले.

शेजारच्या गल्लीतल्या एका अण्णांचे प्रकरण याहून अवघड होते आणि त्यात कंपनीपेक्षा ठेकेदाराचा दोष अधिक होता. त्यांच्या ठेकेदाराने, आमचा नव्हे, नेट मीटर बसण्याची वाट न बघता जुन्याच मीटरवर संच चालू करून दिला. जुने इलेक्ट्रॉनिक मीटर बहुधा विजेची दिशा पाहत नाहीत. वीज आत येवो वा बाहेर जावो, युनिट पुढेच मोजतात. त्यामुळे अण्णांच्या घरातून दिवसा जी वीज बाहेर जात होती तीही त्यांच्याच नावावर वापर म्हणून चढत गेली. सौर संच लावल्यावर बिल जवळजवळ दुप्पट झाले. “दिवसभर ऊन पडायलंय, मीटर पळायलंय, अन् बिल माझ्याच बोकांडी,” असे ते म्हणत, आणि त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. परवानगीशिवाय संच चालू केला हा मुद्दा कंपनीच्या बाजूने जात असल्याने अशा वादात ग्राहकाची बाजू लंगडी पडते. नेट मीटर बसून चाचणी होईपर्यंत इन्व्हर्टरचा स्विच बंदच ठेवायला सांगणे, ही ठेकेदाराची पहिली परीक्षा समजावी.

मीटर बसल्यावर घरच्या घरी करता येणारी एक तपासणीही आहे. दुपारी बारा-एकच्या सुमारास घरातली सगळी उपकरणे बंद करून पडदा पाहावा. दिलेल्या युनिटचा आकडा वाढत गेला पाहिजे आणि घेतलेल्याचा जागीच राहिला पाहिजे. रात्री याच्या उलट दिसले पाहिजे. दुपारी उपकरणे बंद असतानाही घेतलेले युनिट वाढत असतील तर जोडणी उलटी झाली असण्याची दाट शक्यता असते आणि त्या दिवशीच लेखी कळवावे.

जे वाद मुळात वाद नाहीत त्यांच्याबद्दलही लिहायला हवे, कारण खिडकीवर गर्दी त्यांचीच असते आणि खऱ्या तक्रारी त्यांत दबून जातात. इन्व्हर्टरच्या अ‍ॅपवर ३५५ युनिट उत्पादन दिसते आणि बिलात दिलेले युनिट २२५ च येतात, म्हणून कंपनीने १३० युनिट खाल्ले, असा निष्कर्ष काढून लोक येतात. ते १३० युनिट दिवसा घरातच वापरले गेलेले असतात. फ्रिज, पंखा, पाण्याची मोटर यांनी ते मीटरपर्यंत पोहोचूच दिलेले नसतात. त्याचा फायदा ग्राहकाला आधीच मिळालेला असतो. अ‍ॅपवरच्या उत्पादनाची तुलना उत्पादन मोजणाऱ्या वेगळ्या सौर मीटरशी करावी, नेट मीटरशी नव्हे.

तक्रार निवारणाची तिसरी सेवा जोखताना कायदा आणि व्यवहार वेगळे काढावे लागतात. कायदा ग्राहकाच्या बाजूने बराच स्पष्ट आहे. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि बिल वादग्रस्त असेल तर ग्राहकाने मागितलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीइतकी रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती, निषेध नोंदवून भरल्यास वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. ‘आधी पूर्ण बिल भरा, मग बघू’ हे खिडकीवरचे वाक्य या तरतुदीपुढे टिकत नाही, परंतु ती तरतूद ग्राहकाला अर्जात स्वतः लिहावी लागते, कोणी आपणहून सांगत नाही. मीटरच चुकीचा आहे असे वाटत असेल तर केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांतील २०२४ च्या दुरुस्तीनुसार तक्रार मिळाल्यापासून ५ दिवसांत कंपनीने पडताळणीसाठी दुसरा मीटर जोडायचा आहे आणि तो किमान तीन महिने ठेवून वापर ताडून पाहायचा आहे. कार्यालयाकडून दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तेथे जाता येते, वकील लागत नाही, आणि मंचाने ६० दिवसांत निर्णय द्यावा अशी अपेक्षा आहे. त्या निर्णयाने समाधान झाले नाही तर पुढच्या ६० दिवसांत विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते.

व्यवहारात हे सारे कागदाच्या पोचपावतीवर अवलंबून असते. तोंडी केलेली तक्रार, मग ती कितीही वरच्या साहेबांकडे केलेली असो, पुढच्या पायरीवर शून्य धरली जाते. आमचे काम मंचापर्यंत गेले नाही, उपविभागातच मिटले, याचे श्रेय मी दोन गोष्टींना देतो. अर्जात भावना नव्हत्या. मीटर क्रमांक, दोन तारखा, दोन नोंदी आणि अपेक्षित बिलाची आकडेमोड, एवढेच एका पानावर होते. आणि आवक शिक्का मारून घेतलेली दुसरी प्रत आमच्या हाती होती. शिक्का मारायला खळखळ झाली, “ठेवून जावा की सर, करून टाकू,” असे सांगण्यात आले. पण शिक्क्याशिवाय प्रत सोडली नाही.

ठेकेदाराच्या सेवेबद्दल माझे मत मिश्र आहे. काम सुबक, साहित्य सांगितले तेच, माणसे वेळेवर. मात्र मीटर बसल्या दिवशी त्याचे शब्द होते, “सर, मीटर बसलंय, आता आमचं संपलं की.” करारात शेवटचे १० टक्के पैसे पहिले बरोबर बिल हातात आल्यावर द्यायचे असे लिहून घेतले होते, म्हणून त्याचे संपले नाही. त्याच्या मुलाने आमची कागदपत्रे घेऊन कार्यालयात जाणे, खात्यावर नेट मीटरची खूण झाली का याचा पाठपुरावा करणे, ही कामे त्या १० टक्क्यांपायी झाली आणि ती त्याने, घेतल्यावर, नीट केली. योजनेनुसार ५ वर्षे देखभाल ठेकेदाराकडेच असते. त्या देखभालीत बिलाचा पाठपुरावा कोणीही धरत नाही, म्हणून तो आधीच कागदावर आणावा. दोन ठेकेदारांच्या दरात पाच-सात हजारांचा फरक असेल आणि महाग ठेकेदार ही अट विनातक्रार मान्य करत असेल, तर मी त्यालाच काम देईन. तुमच्या आधीच्या तीन ग्राहकांची सध्याची बिले दाखवा, असे विचारून पाहावे. पॅनेलचे फोटो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतात, बिले थोड्यांकडेच निघतात.

गुणच द्यायचे तर संचाला दहापैकी नऊ, ठेकेदाराला सात, आणि बिलाच्या सेवेला चार. हे चारही मुख्यतः दुरुस्ती अखेर झाली म्हणून आहेत. नेट मीटर कंपनीच्याच माणसाने बसवायचा, अहवाल कंपनीनेच भरायचा, आणि खात्यावर खूण झाली की नाही हे शोधायला मात्र ग्राहकाने कार्यालयात जायचे, या क्रमाला सेवा म्हणणे जड जाते. संच बसवून घेऊ नये असा याचा अर्थ नाही. खर्च आणि बचत यांचा हिशेब आजही आमच्या बाजूने आहे.

मार्चचे रीडिंग झाले की जमा युनिटचा वार्षिक हिशेब होईल आणि त्यांची रक्कम पुढच्या बिलात वजा दिसली पाहिजे. मार्चअखेर पडद्यावर दिसणारे दोन्ही आकडे व्हिडिओसह जपून ठेवायचे, आणि एप्रिलच्या बिलात जुनी शिल्लक शून्य झाली आहे पण रक्कम वळती झालेली नाही असे आढळले, तर त्याच आठवड्यात अर्ज द्यायचा, अशी तयारी करून ठेवली आहे. अर्जाचा मसुदा तयार आहे, फक्त आकडे भरायचे आहेत.